तिनं निवडलेलं नाव

शर्वरी माने हिला सातवा महिना लागला तेव्हा घरात नावांच्या तीन याद्या तयार होत्या. एक तिच्या आईनं बार्शीहून पाठवलेली, एक नवऱ्याची, इंद्रजितची, आणि सर्वांत लांबलचक नणंदेची. सुलभाताईंनी वहीचं पान मधोमध दुमडून डावीकडं मुलांची आणि उजवीकडं मुलींची नावं लिहून आणली होती. आई लवकर गेल्यावर इंद्रजितला त्यांनीच वाढवलं होतं. भावाच्या लेकराचं नाव आपणच ठेवणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आत्याचा मानच तो.

"तुझी यादी कुठाय गं?" त्यांनी शर्वरीला विचारलं.

"माझी यादीच नाही, ताई. बाळ स्वतःच सांगणार आहे."

सुलभाताई हसल्या. त्यांना ती गंमत वाटली. इंद्रजित मात्र हसला नाही, कारण शर्वरी दर शनिवारी पुण्याला कशासाठी जाते हे त्याला ठाऊक होतं.

शर्वरी मिरजेच्या एका रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ होती. नवजात बाळांना ऐकू येतं की नाही हे तपासायचं, हे तिचं काम. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिचे जुने प्राध्यापक डॉ. टिळेकर हेच काम एक पाऊल अलीकडं आणू पाहत होते. बाळ जन्माला येण्याआधीच त्याचं श्रवण तपासता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. सहाव्या महिन्यानंतर गर्भाला ऐकू येतं. आत पोचणारा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा असतो. कडक व्यंजनं वाटेतच पुसली जातात. स्वर, लय, आणि म, न, ल असे मऊ ध्वनी तेवढे पोचतात. ते ऐकून बाळाच्या मेंदूत जी हालचाल होते, तिचं एक चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वापुढं ते इतकं क्षीण असतं की पूर्वी ते मोजायला खोलीएवढं यंत्र लागायचं. आता साखरेच्या खड्याएवढे संवेदक निघाले होते. टिळेकरांनी असे साठ संवेदक एका कापडी पट्ट्यात शिवून घेतले. तो पट्टा पोटावर बांधायचा, आवाज ऐकवायचा आणि पडद्यावर उमटणारी लाट पाहायची.

त्या लाटांमध्ये टिळेकरांना एक अनपेक्षित गोष्ट सापडली. कुठलाही आवाज पुन्हापुन्हा ऐकवला की मेंदू त्याला सरावतो आणि लाट बसत जाते. पंख्याची घरघर आपल्याला थोड्या वेळानं ऐकू येईनाशी होते, तसंच. पण प्रत्येक गर्भाच्या बाबतीत काही मोजक्या ध्वनींची अशी एक जुळणी निघायची, की ती शंभरदा ऐकवली तरी लाट तितकीच उंच उठायची. जणू प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. दोन बाळांची जुळणी कधी सारखी नसे. टिळेकरांनी याला 'न विझणारा प्रतिसाद' असं नाव दिलं.

"हे तर त्याचं नाव झालं की, सर," शर्वरी पहिल्यांदा ते आलेख पाहून म्हणाली होती. तेव्हा तिचं लग्नही व्हायचं होतं. त्या एका वाक्यावरून टिळेकरांनी पुढचा सगळा प्रयोग आखला. नैतिकता समितीची परवानगी मिळाली. त्रेचाळीस जोडपी तयार झाली. एकोणिसावं नाव शर्वरी आणि इंद्रजितचं होतं.

बत्तिसाव्या आठवड्यात उत्तर आलं. संगणकानं हजारो जुळण्या ऐकवून, गाळून, शेवटी तीन अक्षरांवर बोट ठेवलं.

ओ-लु-मी.

परतीच्या गाडीत शर्वरी ते पुटपुटत राहिली. इंद्रजित गणिताचा प्राध्यापक. तो कऱ्हाडच्या पुढं म्हणाला, "याचा अर्थ काय?"

"काहीच नाही. म्हणजे तोच तर आनंद आहे. कुणाचंच नाही हे नाव. याचा अर्थ म्हणजे ते बाळ."

"मुलगा झाला तर?"

"तरी हेच."

"आणि उद्या त्याला नाहीच आवडलं तर?"

"इंद्र, आपण आपल्या आवडीची नावं मुलांना चिकटवतो, तेव्हा विचारतो का त्यांना? जगात पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय. त्यानंच निवडलंय हे."

तिचा चेहरा इतका उजळला होता की इंद्रजितनं पुढं काही विचारलं नाही. नंतरच्या आयुष्यात त्याला त्या गप्प राहण्याची खंत वाटत राहिली.

त्यानंतरचे आठ आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ शर्वरी पोटावर हात ठेवून ती तीन अक्षरं म्हणायची. प्रयोगात तसंच सांगितलं होतं. आईचा आवाज हवेतून येत नाही, हाडामांसातून थेट पोचतो. त्यामुळं जुळणी पक्की बसते.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा, बायकांनी भरलेली खोली, घुगऱ्यांची पातेली. सुलभाताई नवी इरकल नेसून आल्या होत्या. आपली यादी बाजूला ठेवायची आहे हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं.

"ओलुमी," शर्वरीनं त्यांना पुन्हा एकदा सांगितलं.

"ओली काय नि सुकी काय," कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली आणि बायका खो खो हसल्या. सुलभाताई हसल्या नाहीत. मान आत्याचा होता आणि तो त्यांनी पाळला. त्या पाळण्यावर वाकल्या आणि रडणाऱ्या बाळाच्या कानात ते नाव म्हणाल्या.

रडणं थांबलं. बाळानं मान वळवली. मग दुसऱ्या बाजूनं शर्वरीनं हाक मारली, तशी तिकडं वळवली. बारा दिवसांचं बाळ. खोलीतला सगळा गलका एकदम शांत झाला.

"हे बरं नव्हे, शर्वरी," सुलभाताई हळूच म्हणाल्या. "एवढंसं लेकरू. अजून तिची नजरसुद्धा ठरत नाही."

शर्वरीला ते ऐकू आलं होतं. पण तेवढ्यात सगळ्या बायका पाळण्याभोवती जमल्या. प्रत्येकीला हाक मारून बघायची होती.

पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. बाकीच्या आया पोरांच्या मागं धावत, घसा कोरडा करत. शर्वरीला आवाजही चढवावा लागत नसे. ओलुमी तीन वर्षांची असताना ते कृष्णेच्या घाटावर गेले होते. पाणी चढलेलं होतं. मुलगी हात सोडून शेवाळलेल्या पायऱ्यांवरून खाली धावली. इंद्रजित ओरडला, "बाळा, थांब!" ती थांबली नाही. शर्वरीनं नाव उच्चारलं आणि पोर पाण्यापासून दोन पायऱ्यांवर जागच्या जागी उभी राहिली. इंद्रजितनं तिला उचलून छातीशी धरलं. त्या दिवसानंतर त्याच्या मनातली शंकासुद्धा काही वर्षं गप्प बसली. शर्वरीनं त्या प्रसंगाचा उल्लेख असलेला एक शोधनिबंध लिहिला. देशोदेशीच्या परिषदांत तो वाचला गेला.

जे एकदा जीव वाचवायला वापरलं, ते नंतर दूध संपवायला वापरलं जाऊ लागलं. अंगणातून आत बोलवायला, दूरदर्शन संचासमोरून उठवायला, हट्ट मोडायला. मुलगी पाच वर्षांची असताना एकदा तिचा फुगा फुटला आणि ती भोकाड पसरून बसली. शर्वरीला घाईनं कामावर निघायचं होतं. तिनं हाक मारली. नळ बंद करावा तसं रडणं तुटलं. ओलुमी आईकडं बघत उभी राहिली. गालांवर पाणी, तोंड अजून उघडंच.

"आई," ती म्हणाली, "माझं रडून झालं नव्हतं."

शर्वरी थबकली. मग तिनं मुलीचं तोंड पुसलं, पापा घेतला आणि ती कामावर गेली. हे वाक्य तिनं कुठल्याही निबंधात लिहिलं नाही.

शाळेत बाईंचा शेरा यायचा, 'अतिशय आज्ञाधारक मुलगी.' मुलांना मात्र खरी गोष्ट लवकर कळली. ओलुमी पाणी पीत असेल, फळ्यावर गणित सोडवत असेल, गोष्टीचं पुस्तक वाचत असेल. मागून कुणी नाव घेतलं की तिचं सगळं सुटायचं. मुलं आळीपाळीनं हाक मारायची आणि ती गोल गोल वळत राहायची. काही मुलांनी तिचं नाव आपल्या आवाजात हातातल्या घड्याळात भरून ठेवलं, तास संपला की वाजायला. परीक्षेत मागच्या बाकावरून कुणी कुजबुजलं की तिची आकडेमोड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

"तू लक्ष देऊ नकोस ना," शर्वरी सांगायची.

"मी देत नाही, आई. ते आपोआप जातं. पाठीत हात घालून कुणीतरी ओढल्यासारखं होतं." ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मग तिनं विचारलं, "मला साधं नाव का नाही ठेवलं?"

"तूच निवडलंस की राणी ते." पट्ट्याची ती गोष्ट शर्वरीनं तिला अनेकदा सांगितली होती, कौतुकानं, रंगवून.

"मला आठवत नाही," ओलुमी म्हणाली.

तिला जिथं खरं सुख मिळालं, ती जागा म्हणजे खो-खोचं मैदान. ती लांब पायांची, चपळ, वाऱ्यासारखी पळायची. खराडे सरांनी तिला सातवीत संघात घेतलं आणि तिची अडचणही ओळखली. त्यांनी संघाला बजावलं, "मैदानावर हिला नाव नाही. ही सात नंबर." मुली तिला 'सात' म्हणू लागल्या. बसलेल्या खेळाडूंच्या रांगेतून आत-बाहेर नागमोडी पळताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते शर्वरीनं घरी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या शाळेच्या मुली कधीकधी तिचं नाव ओरडत. पण पंच ताकीद देत आणि गलक्यात ते विरूनही जाई. नववीत असताना तिचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला. राज्याच्या संघासाठी निवड करणारी माणसं बघायला आली होती.

शर्वरी आणि इंद्रजित पहिल्या रांगेत बसले होते. शेवटचा डाव. ओलुमीचा संघ संरक्षण करत होता, आणि तिच्या जोडीच्या दोघी बाद झाल्या होत्या. ती एकटी उरली होती. चाळीस सेकंद टिकली की सामना तिच्या संघाचा. ती रांगेतून आत-बाहेर होत, खांबाला वळसा घालून पळत राहिली. तीस सेकंद. वीस. मागं लागणाऱ्या मुलीचा हात तिच्या पाठीपासून वीतभर लांब राहून हुकला आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. शर्वरीही उठली. तिचा ऊर भरून आला होता. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ओलुमी! पळ!"

दुसरा शब्द तिच्या मुलीपर्यंत पोचलाच नाही. पहिल्यानंच ती थांबली. पूर्ण वेगात, एका पायावर, आईच्या दिशेनं अर्धी वळून. मागून येणारी मुलगी तिच्यावर आदळली. काहीतरी तुटल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला.

शर्वरी धावत मैदानात गेली. मुलगी गुडघा धरून पडली होती. ओठ आवळून तिनं आईकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. "प्लीज, आई. काही बोलू नकोस."

गुडघ्याच्या दोन अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली. चालता येणार होतं, पळताही आलं असतं थोडंफार. खो-खो संपला.

तीन महिन्यांनी ते तिघं पुण्याला टिळेकरांकडं गेले. टिळेकर आता थकले होते, काठी घेऊन चालत होते. ओलुमी खोलीतच बसून राहिली. तिनं बाहेर थांबायला नकार दिला.

टिळेकर तिच्याकडं बघूनच बोलले. "साधं मूल आपलं नाव जन्मानंतर शिकतं. पाच-सहा महिने लागतात. त्याच सुमाराला, खेळता खेळता, ते दुसरीही एक गोष्ट शिकतं. हाक ऐकू आली तरी हातातलं खेळणं न सोडण्याची. मेंदूचा पुढचा भाग तेव्हा लगाम तयार करत असतो. नाव आणि लगाम बरोबरच वाढतात. तुमच्या बाबतीत आम्ही नाव फार आधी घातलं, लगामाचा पत्ताही नसताना. ते खोल जाऊन बसलं, लगाम पोचत नाही तिथं. ओ द्यायला आम्ही तुम्हाला जन्माआधीच शिकवलं. ओ न द्यायला शिकायची जागाच ठेवली नाही."

"सगळ्यांचंच असं आहे?" इंद्रजितनं विचारलं.

"त्रेचाळीसपैकी एकेचाळीस मुलांचं." त्यांनी मान खाली घातली. "चार वर्षांपूर्वीच शंका आली होती. मी कळवायला हवं होतं, शर्वरी."

"मला कळवायची गरज नव्हती, सर," शर्वरी म्हणाली. "मला घरात दिसत होतं. मी ते रोज वापरत होते."

मग ओलुमीनं विचारलं, "जाईल का हे?"

"न ऐकता राहिलं तर हळूहळू विझायला हवं. वापर नसलेली वाट बुजते तशी. आठ वर्षं, दहा वर्षं, नक्की सांगता येणार नाही. पण मध्ये एकदाही कानावर पडता कामा नये. आणि..." ते अडखळले. "मूळ ठसा आईच्या आवाजातला आहे. तिच्या तोंडून एकदा जरी ऐकलं, तरी वाट पुन्हा मोकळी होईल."

दहावीच्या आधी त्यांनी राजपत्रात नाव बदलून घेतलं आणि पुढच्या वर्षासाठी शाळाही बदलली. अर्ज भरताना इंद्रजितनं विचारलं, "काय लिहू?"

"श्रावणी."

"का गं? छानच आहे, पण का?"

"आमच्या वर्गात चार श्रावण्या आहेत, बाबा. कुणी हाक मारली की चौघी एकमेकींकडं बघतात. मग एकजण जाते. कधी कुणीच जात नाही."

बदल सगळ्यात सोपा गेला तो इंद्रजितला. तो तिला पहिल्यापासून 'बाळा' म्हणायचा, आणि तेच म्हणत राहिला. सुलभाताई तासगावहून आल्या की 'पोरी' म्हणायच्या. शर्वरीला मात्र प्रत्येक वाक्याआधी जीभ सावरावी लागे. ती मुलीला हाकच मारेनाशी झाली. काही हवं असलं तर उठून तिच्या खोलीपर्यंत जायची, दारावर टकटक करायची. अशी दोन वर्षं गेली. घरातलं दडपण थोडं सैलावलं. श्रावणी जेवताना पुन्हा गप्पा मारू लागली होती.

मग एका सकाळी बार्शीहून फोन आला. शर्वरीची आई झोपेतच गेली होती. फोन हातात धरून शर्वरी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि तिच्या तोंडून आपोआप, काहीही न ठरवता, मुलीला हाक गेली. जुन्या नावानं.

श्रावणी दारात येऊन उभी राहिली. हातात कंगवा, अर्धे केस विंचरलेले. ती ओढली गेल्यासारखी आली होती, आणि ते दोघींनाही कळलं. पण तिनं खाली बसून आईला जवळ घेतलं. बार्शीला जाईपर्यंत, सगळं आटपेपर्यंत, ती आईच्या पाठीवर हात ठेवून होती. चौथ्या दिवशी घरी परतल्यावर ती म्हणाली, "दोन वर्षं गेली, आई."

आवाजात दोष नव्हता. हिशेब मांडावा तशी ती बोलली. शर्वरीला तिच्यापुढं रडताही आलं नाही.

बारावीनंतर श्रावणीनं मुद्दाम लांबचं महाविद्यालय निवडलं, भुवनेश्वरचं. निघण्याआधी ती आईजवळ येऊन बसली.

"मी बाबांशी फोनवर बोलेन. तुला लिहीन. रोज लिहीन हवं तर. पण फोन नको."

"मी सांभाळून बोलेन गं."

"माहीत आहे. पण तुझा आवाज आला की मी नुसती वाट बघत बसते. आता म्हणशील, आता म्हणशील. तू काय बोलतेयस ते मला ऐकूच येत नाही."

शर्वरीनं मान हलवली. तिनं आयुष्यभर लोकांच्या कानांची काळजी घेतली होती. आपला आवाज कुणाला असा ऐकू येत असेल, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

श्रावणी शब्दाला जागली. तिची पत्रं यायची, पडद्यावरची, लांबलचक, मजेदारसुद्धा. वसतिगृहातला पखाळ नावाचा आंबवलेला भात, पहिलं चक्रीवादळ, बंदरावर हवामान अधिकारी म्हणून मिळालेली नोकरी. खाली सही असायची, 'तुझी श्रावणी'. सुट्टीत ती घरी यायची तेव्हा शर्वरी बहुतेक वेळ गप्प असायची. लिहून द्यायचा छोटा फळाच तिनं स्वयंपाकघरात टांगला होता. रविवारी इंद्रजित गॅलरीत बसून मुलीशी तासभर फोनवर हसायचा. शर्वरी आतल्या खोलीत बसून एका बाजूचं संभाषण ऐकायची आणि दुसरी बाजू मनानं भरून काढायची. तिनं रुग्णालयात गर्भवतींच्या कुठल्याही प्रयोगाला पुन्हा सही दिली नाही. टिळेकर गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या सभेत तिला बोलायला बोलावलं. ती गेली नाही.

श्रावणी सव्वीस वर्षांची असताना, फेब्रुवारीत, ती चार दिवसांसाठी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसल्यावर म्हणाली, "आई, दहा वर्षं झाली. आज बघूया."

इंद्रजितनं चमचा खाली ठेवला.

"काय बघूया?" शर्वरीनं विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"तू म्हण. आज दिवसभरात कधीतरी. मला न सांगता, मी दुसऱ्याच कशात तरी असताना. मी वाट बघत असेन तर उपयोग नाही."

"नाही गेलेलं असलं तर? दहा वर्षं फुकट जातील."

"मग पुन्हा दहा. पण असं कुंपणावर बसून नाही राहायचं मला. आणि," ती जरा हसली, "मला तुझ्याशी फोनवर बोलायचंय."

सकाळ गेली. शर्वरीनं चारदा तोंड उघडलं आणि चारदा मिटलं. श्रावणीनं कपडे वाळत घातले, शेजारच्या काकूंशी गप्पा मारल्या, द्राक्षं धुऊन ठेवली. जेवणं झाली. इंद्रजित बाहेर पडला. त्याला घरात बसवेना. दुपारी श्रावणीला गॅलरीच्या दाराची कडी निखळलेली दिसली. तिनं पेचकस शोधून काढला, स्क्रू ओठांत धरले आणि गुणगुणत कडी बसवायला लागली. शर्वरी चार हातांवर, पलंगाच्या कडेला बसली होती.

पहिल्यांदा नुसता श्वास बाहेर पडला. तिनं घसा साफ केला.

"ओलुमी."

पेचकस फिरत राहिला. गुणगुणणं चालू होतं.

शर्वरीनं डोळे मिटले आणि पुन्हा म्हटलं. पोटावर हात ठेवून जसं म्हणायची तसं, त्याच लयीत, त्याच सुरात. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं.

श्रावणीनं ओठांतला एक स्क्रू काढून भोकात बसवला. मान न वळवताच तिनं विचारलं, "काही म्हणालीस का, आई?"

"नाही," शर्वरी म्हणाली. "चहा टाकू का, विचारत होते."

"टाक की. आलं घाल जरा."

शर्वरी आत गेली. आधण उकळून उकळून अर्धं झालं तरी ती ओट्याला धरून उभी होती. ती तीन अक्षरं तिनं पहिल्यांदा उच्चारली त्याला सत्तावीस वर्षं होत आली होती. आता ती म्हटली तरी जगात कुणीही वळणार नव्हतं. असंच व्हावं म्हणून तिनं दहा वर्षं तोंड बांधून घेतलं होतं. ते झालं होतं.

तिनं पुन्हा पाणी चढवलं, चहा केला, दोन कप गॅलरीत आणले. श्रावणी नवी कडी लावून-काढून बघत होती. इंद्रजित नुकताच परत येऊन चपला काढत होता.

"अजून नाही म्हणालीस ना?" श्रावणीनं विचारलं. "संध्याकाळ होत आली. घाबरू नकोस गं."

"म्हणाले."

"कधी?"

"मघाशी. तू स्क्रू लावत होतीस तेव्हा. तीनदा."

श्रावणी आईकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास होता. मग काहीतरी इतकं उमललं की शर्वरीला खो-खोचं मैदान आठवलं आणि तिनं नजर खाली घेतली.

"बाबा!" श्रावणी ओरडली. "बाबा, मी वळले नाही! आई म्हणाली आणि मी वळले नाही!"

ती हसत होती, रडत होती, बापाचे खांदे धरून त्याला हलवत होती. इंद्रजितचेही डोळे भरले. मग तिनं येऊन आईला घट्ट मिठी मारली, अगदी घट्ट, शर्वरीच्या हातातला चहा बशीत सांडेपर्यंत.

"आता तुला हवं ते म्हण," ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली. "हवं तेव्हा, हवं त्या नावानं. मला काही होत नाही आता. म्हण ना."

शर्वरीनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"श्रावणी," मग ती म्हणाली, "चहा गार होतोय गं."